दार कुणाचं ठोठावायचं

१६ फेब्रुवारी १९९९, मंगळवार. नेदरलँड्समध्ये हेगला ग्रीसच्या राजदूतांच्या निवासस्थानात कुर्दांचा जमाव घुसला आणि राजदूतांची बायको आणि लहान मुलगा ओलीस धरले गेले. दोघंही पुढे सुखरूप सुटले. त्या आठवड्यात युरोपभर इतकं काही घडलं की ही घटना बातमीच्या चार ओळींत आटोपली. पण मला ती सलत राहते. त्या पोराचा अब्दुल्ला ओजलानशी, तुर्कस्तानशी सशस्त्र लढणाऱ्या पीकेके या कुर्दी संघटनेच्या नेत्याशी, काय संबंध? आणि पोराचं सोडा, ग्रीसचा तरी काय? ओजलानला पकडून नेलं तुर्कस्ताननं, पकडला केनियात, आणि दारं फुटली ग्रीकांची. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, बर्न, झुरिक, बर्लिन, बॉन, कोपनहेगन, स्टॉकहोम, मिलान, एका दिवसात. युरोपात कुर्दांच्या बाजूनं जाहीर बोलणारा देश म्हणून जर कुणाकडे बोट दाखवायचं झालं असतं, तर ते ग्रीसकडेच दाखवलं गेलं असतं. म्हणजे त्या सकाळी जमाव मित्राच्या दारात गेला होता.

इतक्या शहरांत एकाच पहाटे माणसं जमली कशी, याचं पोलिसांना तेव्हा फार आश्चर्य वाटलं. त्यात आश्चर्य फारसं नव्हतं. सोमवारी रात्री केनियाच्या राजधानीत, नैरोबीत लपलेल्या ओजलानशी संपर्क तुटला तेव्हाच कार्यकर्त्यांमध्ये फोनाफोनी सुरू झाली होती. पंतप्रधान ब्युलेंत एजेवित यांनी अंकारात अटक जाहीर करेपर्यंत अनेक ठिकाणी जमाव रस्त्यावर आलाही होता. या फोनाफोनीमागे वर्षानुवर्षं बसवलेली घडी होती. प्रत्येक मोठ्या शहरात एक देर्नेक, म्हणजे आपल्याकडचं मंडळ म्हणा: भाड्याची खोली, छोट्या काचेच्या पेल्यातला काळा चहा, भिंतीवर शहिदांचे फोटो, मुलांना भाषा आणि गोवेंदचा नाच शिकवायचे वर्ग. देर्नेकच्या प्रत्येक माणसाकडे आणखी दहा घरांचे फोन नंबर. आणि त्या घरांत मेद टीव्ही. १९९५ मध्ये ब्रिटनच्या परवान्यावर सुरू झालेलं हे कुर्दी उपग्रह चॅनेल. ज्या भाषेवर तुर्कस्तानात १९८३ ते १९९१ कायद्यानं बंदी होती, त्या भाषेतल्या बातम्या बैठकीच्या खोलीत ऐकू येऊ लागल्या, तेव्हा म्हाताऱ्या बायका सोफ्यावर सावरून बसल्या असतील तर नवल नाही. ओजलान स्वतः त्या चॅनेलवर फोनवरून तासन् तास बोलायचा. लोकांना त्याचा आवाज घरातल्या माणसासारखा ओळखीचा होता. तो आवाज बंद झाला हे कळायला सरकारी निवेदनाची गरज नव्हती.

आपो बोलत नाहीत. एवढंच पुरे होतं.

‘आपो’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. एकीकडे तो अब्दुल्लाचा लाडका संक्षेप. दुसरीकडे कुर्दीच्या कुर्मांजी बोलीत ‘आप’ म्हणजे बापाचा भाऊ. म्हणजे लाखो माणसं ज्याच्या नावानं घोषणा देत होती त्याला ती सरळ ‘काका’ म्हणत होती. आणि तेव्हाच्या घोषणांतला दुसरा एक शब्दही आपल्या परिचयाचा. कुर्दीत ‘रोज’ म्हणजे दिवस, आणि ‘रोज’ म्हणजे सूर्यही. आपण फारसीतून उचललेला रोज, रोजनिशीतला, रोजंदारीतला, तोच. १९९८ च्या ऑक्टोबरपासून तुरुंगांत आणि बाहेर एक वाक्य फिरत होतं: आमचा सूर्य तुम्हाला झाकोळता येणार नाही. ओजलान पकडला गेला त्या १५ फेब्रुवारीला कुर्द हल्ली ‘रोजा रेश’ म्हणतात, काळा दिवस; पण शब्दाला शब्द ठेवला तर तो काळा सूर्यही होतो. माणसाला सूर्य म्हणण्याचा धोका काय असतो ते वेगळं सांगायला नको. त्या सूर्यासाठी तुरुंगात आणि रस्त्यावर अनेकांनी स्वतःला पेटवून घेतलं. लंडनमध्ये ग्रीक दूतावासासमोर पेटवून घेणारी मुलगी अवघी १५ वर्षांची होती. ती वाचली. तिचा फोटो जगभर छापला गेला, आणि तो छापणाऱ्यांनाही, तिला वीरांगना ठरवणाऱ्यांनाही माफ करावंसं वाटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला घरी घेऊन जाणारा एक तरी काका त्या गर्दीत हवा होता.

ही माणसं युरोपात आली ती तुर्क म्हणून. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी मजूर-करार केला, त्यातून आलेल्या पाहुण्या कामगारांत कुर्द होते. पण पासपोर्टवर ‘तुर्क’ एवढंच. १९७३ ला भरती थांबली, १९८० च्या लष्करी उठावानंतर राजकीय आश्रित येऊ लागले, आणि नव्वदीत तुर्की सैन्यानं आग्नेयेकडची सुमारे ३,००० गावं आणि वस्त्या रिकाम्या केल्या तेव्हा गावंच्या गावं उठून आली. १९९९ च्या सुमारास जर्मनीतल्या वीस लाखांवर तुर्की नागरिकांत पाच लाखांच्या आसपास कुर्द असल्याचा अंदाज सांगितला जायचा. अंदाजच, कारण जनगणनेत तसा रकानाच नव्हता. अनेकांना आपण कुर्द आहोत हे ठामपणे म्हणायला जर्मनीतच शिकायला मिळालं. लंडनची गोष्ट थोडी निराळी. तिथे १९८९ च्या आसपास आलेले बहुतेक तुर्कस्तानातल्या मराश आणि सिवास भागातले, बरेचसे अलेवी या अल्पसंख्य मुस्लीम पंथाचे. उतरले ते हॅकनी आणि हॅरिंगेत, आणि शिलाईच्या कारखान्यांत कामाला लागले. आणि हॅरिंगेतला ग्रीन लेन्स रस्ता तर आधीपासून सायप्रसच्या ग्रीकांचा. घरमालक ग्रीक, कोपऱ्यावरचा बेकरीवाला ग्रीक, कधी कारखान्याचा मालकही सायप्रसचाच. ‘कुर्दांना डोंगरांखेरीज मित्र नाही’ ही म्हण प्रत्येक पत्रकार लेखाच्या सुरुवातीला टाकतो. ग्रीन लेन्सवर डोंगर नाहीत. तिथे ग्रीक शेजारी होते.

पण खरी गोष्ट दारांचीच आहे, आणि ती फेब्रुवारीत सुरू होत नाही. ९ ऑक्टोबर १९९८ ला तुर्की फौजा सीमेवर उभ्या राहिल्यावर सीरियानं ओजलानला बाहेर काढलं. अथेन्सनं थांबू दिलं नाही. मॉस्कोत ड्यूमानं, म्हणजे रशियन संसदेनं, त्याला आश्रय द्यावा असा ठराव २९८ विरुद्ध शून्य मतांनी केला, पण पंतप्रधान प्रिमाकोव्ह यांच्या सरकारनं तो बाजूला ठेवला. १२ नोव्हेंबरला तो रोमला उतरला आणि जर्मनीच्या १९९० च्या वॉरंटवर विमानतळावरच पकडला गेला. युरोपभरातून कुर्द मिळेल त्या ट्रेननं, बसनं रोमला गेले आणि चेलियो भागात, लष्करी हॉस्पिटलजवळ, थंडीत दिवसरात्र बसून राहिले. इटलीचं म्हणणं सरळ होतं: जिथे फाशी आहे त्या देशाकडे आमची घटना माणूस सोपवू देत नाही. तुर्कस्तानात इटालियन मालावर बहिष्कार सुरू झाला. आता एकच सोपी वाट उरली. वॉरंट जर्मनीचं, तर जर्मनीनं माणूस मागावा. मागितला असता तर इटलीनं दिला असता. जर्मनीत फाशी नाही. उघड्या कोर्टात खुनाचे आरोप मांडले गेले असते, बचावाला वकील मिळाले असते, पत्रकारांनी बाकं भरली असती.

जर्मनीनं मागितलाच नाही.

कारण बॉनच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सरकारनं फारसं लपवलं नाही: देशातली शांतता. १९९३ च्या नोव्हेंबरात पीकेकेवर बंदी घातल्यापासून, आणि १९९४ च्या नवरोजला, कुर्दी नववर्षाला, कुर्दांनी ऑटोबानवर, म्हणजे महामार्गांवर, रास्ता रोको केल्यापासून, जर्मन गृहखात्याला या गर्दीची धास्ती होती. खटला वर्षभर चालेल, कोर्टाबाहेर रोज कुर्द आणि तुर्क समोरासमोर येतील, कशाला ही बला घरात घ्या. हे मला अजून पचत नाही. ज्या गर्दीनं आपल्या नेत्याला वाचवण्यासाठी एवढी ताकद कमावली, त्या ताकदीच्या भीतीनंच त्याच्यासाठी युरोपातलं एकमेव कायदेशीर दार बंद झालं. रस्त्यावरच्या लोकांना हे तेव्हा दिसलं असेल असं वाटत नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांनी काय करायचं होतं? गप्प बसायचं? गप्प बसणाऱ्या कुर्दांचं काय होतं ते त्यांना गावाकडून चांगलं ठाऊक होतं.

१६ जानेवारी १९९९ ला ओजलान इटलीतून निघाला. पुन्हा रशिया, मग गुपचूप ग्रीस, मिन्स्क, विमान नेदरलँड्सकडे वळलं तर रॉटरडॅमला उतरू दिलं नाही, कोर्फू, आणि २ फेब्रुवारीला नैरोबी, ग्रीक राजदूताच्या घरात. अमेरिकन दूतावासावरच्या बॉम्बस्फोटाला तिथे जेमतेम सहा महिने झाले होते आणि शहर अमेरिकन तपास अधिकाऱ्यांनी भरलेलं होतं. लपायला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. खिशात सायप्रसच्या एका पत्रकाराच्या नावाचा पासपोर्ट. १५ तारखेला नेदरलँड्सला नेतो असं सांगून केनियन गाड्यांनी त्याला विमानतळाकडे नेलं, आणि तिथे तुर्की कमांडोंचं विमान उभं होतं. म्हणून ग्रीक. शेवटचं दार त्यांचं होतं, आणि त्या दारातून तो बाहेर काढला गेला. अथेन्समध्येही लोक चिडले. १८ तारखेला परराष्ट्रमंत्री पांगालोस यांच्यासह तीन मंत्र्यांना जावं लागलं.

आता कामाचा भाग. वकिलातीच का? १९६१ च्या व्हिएन्ना करारात दूतावासाची जागा अभेद्य मानली आहे. प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचा पोलीस उंबरा ओलांडू शकत नाही. म्हणजे शंभर माणसं आत गेली की पोलीस बाहेर कडं करून उभे. अथेन्स आत यायला सांगेपर्यंत वेळ मिळतो, आणि तोवर कॅमेरे येतात. तुर्की दूतावासांत हे जमण्यासारखं नव्हतं. २४ जून १९९३ ला युरोपात एकाच दिवशी तुर्की कचेऱ्यांवर हल्ले झाले होते, म्युनिकला माणसं ओलीस धरली गेली, बर्नमध्ये दूतावासाकडून गोळीबार होऊन एक निदर्शक ठार झाला; तेव्हापासून तिथे काटेरी कुंपणं आणि पहारे होते. ग्रीकांच्या दाराला साधं कुलूप होतं. वरच्या मजल्यावर जायचं, खिडकीतून झेंडा सोडायचा, खाली जमलेल्यांनी घोषणा द्यायच्या, मग मागण्या फॅक्स करायच्या. फसतं कुठे? आत माणसं सापडली की. रिकाम्या इमारतीत बसलात तर ते धरणं. कारकून, राजदूत, पोर आत अडकलं की त्याला ओलीस म्हणतात, आणि मग वाटाघाटीला येणारा माणूस परराष्ट्र खात्याचा राहत नाही, पोलिसांचा होतो. दुसरी चूक कागदांची. फायली खिडकीतून फेकल्या, टेबलं पेटवली की आपल्याच मागणीचा फोटो धुरात जातो. लंडनला तीन दिवस ठाण मांडून लोक शेवटी शांतपणे बाहेर आले, एकेकाची झडती होऊन गाडीत बसवले गेले. बाकी ठिकाणी इतकं नीट झालं नाही.

आणि बुधवारी बर्लिन. मोसादनं मदत केली अशी अफवा रात्रभर फिरत होती. नेतान्याहूंनी ती नाकारली, पण तोवर जमाव इस्रायलच्या वाणिज्य दूतावासाकडे निघाला होता. हातात काठ्या, हातोडे. बाहेर जर्मन पोलीस मूठभर. लोक आत घुसले आणि इस्रायली रक्षकांनी गोळ्या झाडल्या. तिघं त्या दिवशी मेले, चौथा नंतर. रक्षकांना राजनैतिक संरक्षण होतं, ते मायदेशी परतले. बर्लिनच्या विधानसभेनं चौकशी समिती नेमली, रक्षकांवर खटला उभा राहिला नाही. मेलेले चौघं ओजलानला सोडवू शकणार नव्हतेच, पण अफवेच्या दारात मरणं ही गोष्ट निराळीच कडू आहे. त्यातून वेळही अशी की दहाच दिवसांपूर्वी, ७ फेब्रुवारीला, हेसन राज्यात दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या पक्षानं निवडणूक जिंकली होती. ‘बघा, हे यांना नागरिक करायला निघालेत’ म्हणायला त्यांना आयतं कोलीत मिळालं. पिढ्यानपिढ्या तिथे राबणाऱ्या कित्येक तुर्की-कुर्दी कुटुंबांच्या कागदांवर त्या आठवड्याची सावली पडली.

मग तो व्हिडिओ. विमानात डोळ्यांवरची पट्टी काढतात, मिशीवाला दमलेला माणूस डोळे किलकिले करतो, मुखवटा घातलेला सैनिक म्हणतो, मायदेशी स्वागत. आणि तो म्हणतो की माझी आई तुर्क होती, देशाची सेवा करायला तयार आहे. ज्या सोफ्यांवर बसून मेद टीव्हीवर त्याला तासन् तास ऐकलं होतं, त्याच सोफ्यांवर बसून हे बघायचं. काही म्हणाले औषध दिलंय, काही म्हणाले डावपेच आहे, काही नुसते उठून स्वयंपाकघरात गेले असतील. खटला ३१ मे ला तुर्कस्तानच्या इम्राली या तुरुंगाच्या बेटावर सुरू झाला, २९ जूनला फाशी. कोर्टात त्यानं मृत सैनिकांच्या आयांची माफी मागितली, ऑगस्टात गनिमांना तुर्कस्तानातून माघारी येण्याचं आवाहन केलं. इकडे जर्मनीत, ब्रिटनमध्ये ज्यांच्यावर वकिलातींवरून खटले होते ते तारखा मोजत होते. सूर्य म्हणाला, थांबा. आणि थांबण्याचा हुकूम मानणंही निष्ठाच ठरली. मेद टीव्हीचा परवाना ब्रिटननं मार्चमध्ये स्थगित आणि एप्रिलमध्ये रद्द केला होता. फाशी २००२ मध्ये जन्मठेपेत बदलली, कारण तुर्कस्तानला युरोपचं दार ठोठावायचं होतं.

त्यानंतरच्या वर्षांत या चळवळीनं जे शिकलं ते कंटाळवाणं आहे, म्हणून त्यावर कुणी लिहीत नाही. मोर्चा काढणं. जर्मनीच्या जुन्या सभाकायद्यानुसार मोर्चाची जाहीर घोषणा करण्याआधी निदान ४८ तास प्रशासनाला कळवायचं, आणि जबाबदार माणसाचं नाव द्यायचं. ब्रिटनमध्ये सहा पूर्ण दिवस आधी लेखी. जर्मनीत स्वयंसेवक सज्ञान हवेत, निःशस्त्र हवेत, आणि त्यांच्या दंडाला पांढरी पट्टी, तिच्यावर ‘ऑर्डनर’ एवढाच शब्द. दुसरं काही लिहायचं नाही, ना संघटनेचं नाव, ना चिन्ह. मग अटींचा कागद येतो: झेंड्याच्या काठीची लांबी-जाडी, तोंड झाकायचं नाही, कुठली चिन्हं नाहीत. मोर्चा निघण्याआधी तो कागद लाउडस्पीकरवर वाचावा लागतो, जर्मनमध्ये, मग तुर्कीत-कुर्दीत. बंदी असलेलं चिन्ह मिरवलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड. २०१७ च्या मार्चमध्ये गृहखात्यानं यादी वाढवली, त्यात पिवळ्या पार्श्वभूमीवरचा ओजलानचा चेहराही आला. आता बिघडतं कसं ते ऐका. मागच्या टोकाला कुणी आजोबा कोटाच्या आतून तो पिवळा रुमाल काढतात. पोलीस पुढच्या गाडीला थांबवतात. मधल्या हजारो लोकांना का थांबलो ते कळत नाही. कुणीतरी म्हणतं पुढे धरपकड चाललीय, गर्दी रेटते, हेल्मेट पुढे सरकतात. अनुभवी ऑर्डनर म्हणूनच पुढे उभे राहत नाहीत. दर पन्नास-साठ माणसांमागे एकजण, रांगेच्या बाजूनं चालणारा, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच ‘आप, तो खिशात ठेव’ म्हणू शकणारा. काका शब्द इथे उपयोगाला येतो.

२७ फेब्रुवारी २०२५ ला त्याच ओजलाननं पीकेके विसर्जित करा असं सांगितलं, मे महिन्यात संघटनेनं तसं जाहीर केलं, जुलैत सुलेमानियाजवळ काही जणांनी आपली शस्त्रं जाळली. १९९३ ची जर्मन बंदी एवढ्यानं आपोआप उठत नाही. म्हणजे संघटना गुंडाळा म्हणणाऱ्या माणसाचा फोटो, ती संघटना बेकायदा म्हणून, जर्मनीत अजूनही खिशातच.

दर फेब्रुवारीला मोर्चे स्ट्रासबुर्गला येतात, काही तरुण जर्मनी-स्वित्झर्लंडहून थंडीत चालत. पण वर्षानुवर्षं रोजची खरी जागा युरोप परिषदेच्या इमारतीसमोरचा पदपथ. जून २०१२ पासून तिथे ओजलानच्या सुटकेसाठी बैठं आंदोलन: ठराविक माणसं, फलक, आळीपाळीनं एकेका शहराचा गट आठवडाभर. समोरच्या परिषदेचीच एक समिती आहे, छळ रोखण्यासाठीची, जिच्या माणसांना इम्रालीवर आत जाता येतं. ते जाऊन येतात, लिहितात. अहवाल मात्र तुर्कस्ताननं होकार दिल्यावरच छापला जातो. कुर्दांना हे नीट माहीत आहे. रस्ता ओलांडायला वीस पावलं पुरतात, कुणी ओलांडत नाही. आठवडा संपला की फलकाची घडी पुढच्या गटाच्या हातात, थर्मास रिकामा करून गाडीत, आणि नवी माणसं त्याच जागी, त्याच दाराकडे तोंड करून उभी.